समोरची खुर्ची

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता तात्सिओ ओर्नेलाच्या दारात उभा राहिला. फेरारा शहरात धुकं इतकं दाट होतं, की आधी त्याच्या पाठीवरचं भलंमोठं वाद्यच दिसलं.

ओर्नेला दिवसा औषधं विकायची आणि उरलेल्या वेळात चारशे वर्षांपूर्वीचं संगीत गोळा करायची. दर गुरुवारी ती जुन्या घडणीची लाकडी बासरी वाजवी. साथीला म्हातारा ब्रूनो, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायच्या गांबावर. त्याचं मनगट मुरगळलं, म्हणून त्याने हा घोड्यांचा डॉक्टर धाडला होता. फक्त आजच्यापुरता.

"घोडे ऐकतात का तुमचं वादन?"

"ऐकतात बिचारे. बांधलेले असतात ना."

हसू दाबत तिने आपलं जुनं दुखणं टेबलावर ठेवलं. एक पान, सुरांची एकच ओळ. वर 'दोघांसाठी' असं छापलेलं, पण दुसऱ्याचे सूर कुठेच नाहीत. दुसरं पान ती बोलोन्यापासून व्हेनिसपर्यंत शोधून थकली होती. ओळीच्या सुरुवातीला असते तशीच एक खूण शेवटीही होती, पण उलटी. ती छापणाऱ्याची गफलत, असं ब्रूनोचं मत.

ब्रूनो नेहमी तिच्या शेजारी बसायचा. तात्सिओ सरळ समोर बसला.

"तिथून उलटं दिसेल तुम्हाला."

"तुम्ही तर सुलट्या दिसताय."

तिचे कान गरम झाले. तो मात्र पानावर वाकला होता…

"ती खूण माझ्या बाजूने सुलटी आहे," तो हळूच म्हणाला. "आणि ओळीच्या सुरुवातीला. वाजवून बघायचं?"

तिने तिच्या टोकाकडून सुरुवात केली, त्याने त्याच्या. कुठेच खटकलं नाही. ओळीच्या मधोमध दोघे एकाच सुरावर भेटले — आणि एकमेकांना ओलांडून पुढे गेले.

"म्हणजे दुसरं पान नव्हतंच," ती म्हणाली. "समोर कुणीतरी बसायला हवं होतं…"

"ब्रूनोचं मनगट कधी बरं होणार?"

"पुढच्या गुरुवारपर्यंत."

"मनगटाच्या बाबतीत घाई करू नये," डॉक्टर गंभीरपणे म्हणाला.

तो धुक्यात दिसेनासा झाल्यावर तिला टेबलावर त्याचा गज दिसला. गांबा वाजवणारा छत्री विसरेल. गज विसरत नाही.

रविवारी तिने ब्रूनोला फोन करून मनगटाची चौकशी केली. इतकी काळजी तिने कधी केली नव्हती, असं म्हणत तो हसला. मग विचारलं, "पोरी, खरं सांग. गुरुवारी येऊ की नको?"

कळवते, असं ती म्हणाली.

बुधवार संध्याकाळपर्यंत गज न्यायला कुणी आलेलं नाही. ब्रूनोलाही तिने अजून काही कळवलेलं नाही. समोरची खुर्ची जिथल्या तिथे आहे.