तिसरा ठोका

त्या दुपारी मी थिएटरात गेले ती एका झग्याची खालची घडी वर घ्यायला. मोठ्या गायिकेचा झगा पायात येत होता, एवढंच काम. सुई बोचू नये म्हणून बोटात पितळी टोपण घातलं, पडद्यामागे स्टुलावर बसले नि टाके घालू लागले.

तालीम माझ्या धाकट्या बहिणीची होती. तिचं पहिलं दिग्दर्शन, तेही ऑपेराचं. म्हणजे सगळं गाण्यातच. भांडायचं तरी गाऊन, मरायचं तरी गाऊन. एकोणीस वर्षं ती इथल्या जुन्या दिग्दर्शकांच्या, मास्तरांच्या हाताखाली राबली होती. खुर्च्या पुसण्यापासून सुरुवात केली, पुढे अख्खे प्रवेश एकटी बसवायला लागली, पण बाहेरच्या फलकावर नाव मास्तरांचंच.

मास्तर तालमीला सातव्या रांगेत बसायचे. पुढ्यात एक बुटकं टेबल, त्यावर हिरव्या काचेचा दिवा, तोंडात ज्येष्ठमधाची कांडी. काही पटलं नाही की पेन्सिल टेबलावर दोनदा आपटायची. टक, टक. की सगळं थांबलंच पाहिजे. गाणाऱ्याचं तोंड उघडं असेल तर उघडंच, उचललेला पाय असेल तर हवेतच. मास्तर गेले तेही त्याच खुर्चीत. टक टक झालं, सगळे थांबले, आणि पुढे काय ते मास्तर सांगेचनात. पाव तास माणसं पुतळ्यासारखी उभी होती. विचारायची हिंमत कोणाला?

एका प्रवेशावरून मात्र त्यांचं नि धाकटीचं कधी जमलं नाही. नवऱ्यानं खोटा आळ घेऊन हाकललेली बाई शेवटी त्याच्या दारात येऊन गाते, तो प्रवेश. मास्तर तिला गुडघ्यावर बसवायचे. धाकटी म्हणायची, हिनं काही केलेलंच नाही तर ही गुडघे का टेकील? मास्तर हसून म्हणायचे, “बाई उभी राहिली की पडदा पडत नाही.”

आता मास्तर नव्हते आणि प्रयोग चार दिवसांवर होता. थिएटरच्या मालकांनी तिला बजावलं होतं की शेवट वेळेत बसला नाही तर मास्तरांच्या वहीप्रमाणे होईल, फलकावर नावही त्यांचंच लागेल. आणि तू परत खुर्च्या पुसायला, हे त्यांनी म्हटलं नाही, पण आम्हाला ऐकू आलं.

तर गायिका त्या गाण्याला आली. मान ताठ, गुडघे सरळ. मी दातानं दोरा तोडत होते.

टक, टक.

वाद्यं थांबली. गायिका थांबली. मीसुद्धा, दोरा दातात धरून.

गायिका वैतागली. “बाई, आता काय चुकलं?”

धाकटी तर तिच्या शेजारीच उभी होती, मंचावर. सातवी रांग अंधारात, रिकामी. ते टेबल तिथून हलवायला कोणी धजावलं नव्हतं, दिवाही तसाच होता, फक्त त्याची तार काढून घेतलेली. धाकटी खाली उतरली, मी मागोमाग. ज्येष्ठमधाचा गोडसर, ओला वास येत होता... मी दिव्याला हात लावला आणि मागे घेतला. काच गरम होती.

“ताई,” धाकटी हळूच म्हणाली, “कोणाला सांगू नकोस.”

सांगायची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. टेबल उचलून अडगळीत नेऊन ठेवलं, तर रिकाम्या जागेतून टकटक आली. थांबू नका, असं धाकटी हात जोडून सांगायची, पण माणसांचे पाय आपोआप थिजायचे. वर्षानुवर्षांची सवय ती. शेवटी मालक म्हणाले, शहाणपणा पुरे, उद्या तिला गुडघ्यावर बसव नि मोकळी हो.

घरी धाकटी जेवली नाही. मी जाड कापड शिवत होते. सुई शिरेना, म्हणून टोपणानं ठोकत होते. ती बराच वेळ माझ्या बोटाकडे बघत राहिली.

“ताई, दोन ठोक्यांना सगळे थांबतात. तिसरा दिला तर?”

“तर काय?”

“तर तो ताल झाला. तालावर कोणी थांबत नाही.”

सकाळी तिनं अडगळीतून टेबल स्वतः ओढत आणलं, सातव्या रांगेत मांडलं आणि रिकाम्या खुर्चीपुढे उभी राहिली. आवाज चढवला नाही. “मास्तर, एकोणीस वर्षं तुम्ही म्हणाल तिथे थांबले. आता ठोका खुशाल... पुढचा ठोका माझा.” मग ढोलवाल्याला सांगितलं, दोन आले की लगेच तिसरा द्यायचा. इतरांना सांगितलं, तिसरा ऐकला की पुढे चालायचं. दुपारी तालमीत टकटक आली, ढोल वाजला, आणि पहिल्यांदाच पाय सुटले.

प्रयोगाला खुर्ची रिकामी नव्हती, ती सातव्या रांगेतली एक सोडून. शेवटचं गाणं सुरू झालं. टक, टक. धम. गायिका पुढे सरकली. परत टक, टक. धम. ठोके भराभर येऊ लागले, चिडल्यासारखे. ढोलवाल्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण त्यानं एकही चुकवला नाही. लोकांना वाटलं, काय संगीत आहे! गाणं संपलं. गायिका ताठ उभी. पडदेवाल्यानं दोर ओढला.

पडदा हललाच नाही. दोघं दोराला लोंबकळले, तरी नाही.

मालक धावत आले. त्यांनी विंगेतून गायिकेला खूण केली, बस, खाली बस. धाकटी मध्ये येऊन उभी राहिली.

“राहू दे उघडा,” ती म्हणाली. “ती बसणार नाही.”

गायिका उभीच राहिली, उघड्या मंचावर, लोकांकडे बघत. आधी एक टाळी वाजली, आणि मग छप्पर उडेल की काय असं झालं. पडदा त्यानंतर आपसूक उतरला, अगदी सावकाश.

पुढे धाकटीनं तीसेक वर्षं काम केलं, किती शहरांत, किती थिएटरांत. ते टेबल ती बरोबर न्यायची. म्हणायची, मास्तर डोळ्यांसमोर असलेले बरे. टकटक यायचीच. जिथे ढोल नसेल तिथे ती स्वतः तिसरा ठोका द्यायची, माझ्याच पितळी टोपणानं. मी मग दुसरं घेतलं. ती गेली तेव्हा ते टोपण मी तिच्या मुठीत ठेवलं आणि बोटं मिटली.

टेबल माझ्याकडे आलं. त्यावरच मी शिवते. आजही संध्याकाळी कधीतरी ज्येष्ठमधाचा वास येतो आणि लाकडातून टक, टक उमटतं. हातातलं काम खाली ठेव, असं. मी माझं टोपण आपटते नि पुढचा टाका घालते.

काल मात्र वास आला, दोन ठोके झाले, आणि मी हात उचलला. तो वरच होता. टोपण माझ्या बोटात होतं, टेबलापासून वीतभर उंच.

तिसरा ठोका पडला. पितळेचा, खणखणीत. टेबलाच्या पलीकडून, जिथे मी कोणासाठी खुर्चीसुद्धा ठेवलेली नाही.

मी टाका घातला.