झूमने भरलेला चेहरा

अर्ध्या किलोमीटरवरच्या माणसाच्या भुवयांचे केस मोजता येतात, याचं त्या काळी कुणालाच नवल राहिलं नव्हतं. कासवांची घरटी राखणाऱ्या प्रकल्पाचा छायाचित्रकार उमाकांत सामंत याच्याकडचं झूम भिंगही तसलंच होतं. तळहातावर मावेल एवढं. त्याच भिंगापायी आज तो डॉ. इंद्रायणी वझे यांच्या प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेत येऊन बसला होता.

त्याने दोन फोटो पुढे केले. पहिल्यात, आठ महिन्यांपूर्वीच्या, कासवाची अंडी उकरून काढणारी रत्नप्रभा तांडेल. दुसऱ्यात वाळूतून चालत येणारी रत्नप्रभाच.

"हा दुसरा परवाचा," उमाकांत म्हणाला. "फोटो काढून मी जवळ गेलो, तर तो एक मिशाळ म्हातारा होता."

डॉक्टर वझे जराशा पुढे झुकल्या. "प्राइम भिंगाचा पल्ला एकच असतो. काचा थोड्या आणि बहुतेक जागच्या जागी बसवलेल्या, म्हणून चित्र रेखीव येतं. झूमला सगळेच पल्ले सांभाळायचे असतात. डझनभर काचा पुढेमागे सरकतात, आणि टोकाला नेलं की चित्र पुसट होतं."

"पण माझे फोटो तर प्राइमपेक्षा स्वच्छ दिसतात."

"ते पूरणतंत्रामुळे. जे काचेतून आलंच नाही, ते यंत्र अंदाजाने भरतं, आधी पाहिलेल्या चेहऱ्यांवरून. तुमच्या कॅमेऱ्याने सगळ्यात जास्त कुणाला पाहिलंय?"

उमाकांतने पुन्हा पहिल्या फोटोकडे पाहिलं. रत्नप्रभा ही घरट्यांची सगळ्यात जुनी राखणदार. प्रकल्पासाठी दोन वर्षं तो तिचेच फोटो काढत आला होता.

"पुराव्याचा फोटो प्राइमनेच काढायचा, असा नियम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "या चोरीच्या अहवालात तुम्ही प्राइमच लिहिलंय."

"प्राइमचं तीन किलोचं ओझं वाळूतून न्यायचा कंटाळा आला, बाई. लिहून टाकलं."

हे बोलताना त्याचे कान तापले. डॉक्टरांनी पूरण बंद करून पहिला फोटो पुन्हा छापला. चेहऱ्याच्या जागी तपकिरी डाग उरला. "प्रकाशाने एवढंच आणलं होतं," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी त्याने कार्यालयात कबुली लिहून दिली आणि रत्नप्रभाच्या गावी, वेळवंड्याला गेला. चोरीचा ठपका आल्यापासून तिचं राखणीचं काम सुटलं होतं. गावातल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. सख्ख्या नणंदेने तिला लग्नाला बोलावलं नव्हतं.

ती अंगणात सुकट निवडत होती. तिने त्याला बसायला पाट दिला, आणि त्याने सगळं सांगितलं. सांगताना तो तिच्या हातांकडेच बघत होता. तिने चार शिव्या द्याव्यात, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"असं कसं, दादा?" ती म्हणाली. "मीच होते ना."

"नाही हो! तुम्ही नव्हतात. मी खोटं लिहिलं."

"पहिले दोन महिने मीपण नाहीच म्हणत होते. पोरांच्या शपथा घेतल्या. पण सगळे तो फोटो दाखवायचे. मग मीच तो रोज बघायला लागले. आणि एक दिवस आठवलं. सकाळची गार वाळू होती. सात अंडी मी ओच्यात घेतली. कशी घेतली असतील हो मी? ज्यांना राखलं, त्यांनाच…" तिने पदर तोंडाला लावला. "रोज दर्यापुढे नाक घासते."

उमाकांतने घाईघाईने तो डागाचा फोटो तिच्या हाती दिला. "हे बघा. खरा फोटो हा. यात तुम्ही कुठे आहात?"

तिने तो उन्हात धरला, लांब केला, जवळ आणला. मग त्याचा उतरलेला चेहरा पाहून तिलाच त्याची कीव आली असावी.

"हा नीट नाही आला, दादा," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "तुमचा पहिला चांगला होता."