सहा हातांतले दोन हात

कोंढरवाडीच्या विहिरीचं पाणी तीन वर्षांत सहा हात खाली गेलं होतं. ते नेलं कुणी? गावानं उत्तर कधीच ठरवून टाकलं होतं : पाहुण्यांनी! तीन वर्षांपूर्वी गावात कृषी पर्यटन (शहरातल्या लोकांनी शेतावर येऊन राहणं) सुरू झालं आणि तेव्हापासूनच पाणी आटत चाललं. उद्या ग्रामसभा होती. "पाव्हणे बंद!" असं सरपंच गुणाबाई आजच सांगत सुटल्या होत्या.

अकरा वर्षांच्या तनूनं ते ऐकलं. तिची आई आधी शहरातल्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. इथं पाहुण्यांना रांधायचं काम मिळालं, म्हणून तर ती घरी परतली. त्याआधीची चार वर्षं तनूला आई नुसती फोनच्या पडद्यावर दिसायची. ती बोलायची, हसायची, पण तिला तनूची वेणी घालता यायची नाही. ते दिवस पुन्हा येणार, या विचारानं तनूला रडूच कोसळलं.

डोळे पुसून तिनं मापाड्याला गाठलं. जिल्ह्यातून आलेला हा यंत्रमानव दिवसभर विहिरीत, ओढ्यात, उकिरड्यात नाक खुपसून मोजमाप करायचा. नाव पोरांनीच ठेवलेलं.

"पाणी पाव्हण्यांमुळंच गेलं का रे?"

"पाहुणे आले, मग पाणी गेलं. तेवढ्यावरून ठरत नाही," मापाड्या म्हणाला. "ते आले नसते, तर किती गेलं असतं?"

"ते कसं कळणार? आले ना ते!"

"त्यासाठी तुलनागाव (सगळं आपल्यासारखं, फक्त पर्यटन नसलेलं गाव) लागतं."

"आंबेदरा! माझं आजोळ. डोंगर तोच, पाऊस तोच. पण तिथं चिटपाखरूही फिरकत नाही."

लगेच दोघं निघाले. चढावर मापाड्याची चाकं रुसली, तेव्हा तनूनं त्याला ढकललं. आंबेदऱ्याच्या विहिरीवर तीन वर्षांपूर्वीच्या पाण्याची खूण होती. मापाड्यानं दोरी सोडली. पाणी खुणेपासून चार हात खाली होतं.

"पाहुणे नसताना चार हात गेलं, ते कमी पावसामुळं. सहातून चार वजा कर. पाहुण्यांचा परिणाम दोन हात."

"दोनच!" तनूनं उडी मारली.

"दोन हात पाणी थोडं नसतं," मापाड्यानं बजावलं.

तेवढ्यात मामेबहीण शर्वरी कळशी घेऊन आली. मामी दोन वर्षांपूर्वी कामासाठी शहरात गेली होती. शर्वरीनं स्वतःच बांधलेले केस एका बाजूला कलले होते.

"आत्या रोज वेणी घालते का गं तुझी?" तिनं विचारलं.

तनूनं तिचे केस सोडवून नीट बांधून दिले. परत येताना ती मापाड्याला म्हणाली, "तू पाणी मोजलंस. घरी आलेली आई कुठं मोजलीस?"

मापाड्या थबकला. "माझ्या यादीत तो रकानाच नव्हता," त्यानं कबूल केलं. मग त्यानं तोही भरला. तीन वर्षांत आंबेदऱ्यातून नऊ जण बाहेर गेले होते. कोंढरवाडीत पाच जण परतले होते.

ग्रामसभेत तनू आणि मापाड्यानं दोन्ही हिशेब मांडले आणि गुणाबाईंनी ते पुन्हा एकदा सांगायला लावले. शेवटी ठरलं : पाहुणे विहिरीला झेपतील तेवढेच, त्यांच्या आंघोळीचं पाणी झाडांना, आणि दर उन्हाळ्यात पुन्हा मोजणी. आई राहणार होती! पण तनूला शर्वरी काही केल्या विसरता येईना.

"आपल्याला न झेपणारे पाव्हणे आंबेदऱ्याला धाडले तर?" तिनं मापाड्याला विचारलं.

"आधी तिथली विहीर किती जणांना पुरेल, ते मोजावं लागेल. चार दिवस."

"आणि मामी घरी यायला?"

मापाड्यानं मोजायची दोरी बाहेर काढली. "ते मला सांगता येत नाही. चार दिवसांचं काम मात्र आज सुरू करता येईल."

तनू चपला घालूनच उभी होती.