टपावरचं ऊन

अनोळखी पोरीशी पहिलं वाक्य काय बोलावं, याचे हजार सल्ले मोबाइलवर फिरत असतात. सत्यमनं त्यातला एकही वाचलेला नसावा. कारण विशाखा साळवे चिखलानं माखलेली त्याच्या व्हॅनसमोर आली, तेव्हा तो म्हणाला,

"गरम पाणी हाय. अंघोळ करता का?"

विशाखाच्या हातात खुरपं होतं. तिनं ते फेकलं नाही, हे त्याचं नशीब.

"काय म्हणालास?"

"नाय... म्हणजे तसं नाय..." तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "चिखल लागलाय म्हणून म्हणलं. वारं लई गार हाय."

डिसेंबरची दुपार होती. विशाखा माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. शेताशेतांतून हिंडायचं, मातीचे नमुने पिशवीत भरायचे, पिशवीवर गट नंबर लिहायचा. खुलताबादच्या माथ्यावर एका गव्हाच्या रानात नुकतंच पाणी दिलेलं. बांधावरून पाय निसटला आणि ती सरळ तोंडावर आपटली. स्कूटी लावलेली डोंगराच्या कडेला सीताफळीच्या झाडांखाली, आणि तिच्या शेजारीच ही व्हॅन.

शाळेची जुनी पिवळी व्हॅन होती ती. सत्यमनं कंपनीतली नोकरी सोडून ती घेतली, आत पलंग ठोकला, शेगडी बसवली. सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईची माणसं ती भाड्यानं घेऊन डोंगरावर मुक्काम करायची. टपावर जाडजूड पाइप होता, काळा रंग दिलेला.

"चाळीस लिटर बसतं," सत्यम म्हणाला. "सकाळपासून ऊन खातो तो. दुपारी हात लावला तर चटका बसतो. सायकलच्या पंपानं हवा मारली की फवारा जोरात येतो. लोक चांदण्या बघायला येतात हो, पण पहिलं काय विचारतात? गरम पाणी हाय का!"

विशाखाला थंडीनं हुडहुडी भरली होती. डिकीत कोरडा ड्रेस होता. पण आडरानात एकटी पोर अशा वेळी काय काय विचार करते, ते पोरींनाच ठाऊक. बाकीच्यांनी त्यावर शहाणपण शिकवू नये.

सत्यमला ते न सांगता कळलं. त्यानं गाडीची चावी काढून तिच्या हातावर ठेवली.

"मागं ताडपत्रीचा आडोसा हाय. मी पुढं, पाठ करून बसतो. नळी लांब हाय, पंप तिथूनच मारतो. आन् सारखा बोलत राहतो. आवाज पुढून येतोय तोवर मी पुढंच हाय. थांबला, तर खुशाल बोंब मारा."

ती आत गेली. खुरपं घेऊनच.

आणि मग... ते पाणी! दिवसभराचं ऊन कुणीतरी वितळवून डोक्यावर ओतावं तसं. ताडपत्रीच्या वर उघडं निळं आभाळ, अंगातून निघणारी वाफ, वाफेत तिरपे घुसलेले उन्हाचे पट्टे. विशाखानं डोळे मिटले. पुढून सत्यमचा आवाज येत होता, न थांबता. म्हैस कशी व्हॅनचा आरसा चाटते. पहिल्या खेपेला पाइप कसा फुटला आणि पुण्याचे काका साबण लावलेल्या अवस्थेत कसे रानात पळाले. मध्येमध्ये पंपाचा फस्स फस्स. ती हसली. तोंडात पाणी गेलं.

तिनं तोटी बंद केली. परत उघडली. परत बंद केली.

"सारखं बंद का करता? गार लागलं का?"

"नाही. शहरातली, गारखेड्याची आहे मी."

"मग?"

"आठ दिवसांनी नळ येतो आमच्याकडं. एवढं पाणी एका दमात अंगावर घ्यायला हात धजत नाही."

शहराचं नाव बदललं, नळ तोच राहिला. अर्ध्या बादलीत अंघोळ आणि त्याच पाण्यानं फरशी पुसणं, यातच वाढलेली पोर ती.

"संपवा हो! विहीर हाय आमची."

"पाणी संपवायचं नसतं," ती आतून म्हणाली. पाइपात निम्मं पाणी ठेवूनच ती बाहेर आली. केस टपटपत होते. सत्यम अजून पाठ करूनच बसलेला, झाडाला काहीतरी सांगत.

"झालं. वळ आता."

तो वळला... आणि बोलायचा थांबला.

"आता का बंद पडलास?" विशाखा म्हणाली. "बोंब मारू का?"

खुलताबादच्या मातीत एवढं तपासण्यासारखं काय होतं कोण जाणे, पण विशाखा त्यानंतर दर रविवारी येऊ लागली. गाडी मोकळी असली की दुपार त्या दोघांची. ती ताडपत्रीच्या आत, तो पुढं पाठ करून, आणि मध्ये त्याचा आवाज. नंतर ती पायरीवर केस वाळवत बसायची. दरीतून वर येणारं धुकं उन्हानं सोनेरी व्हायचं, आणि दोघं एकाच ग्लासातला चहा आळीपाळीनं प्यायची.

"आज काय बोलू?" एकदा त्यानं पंप मारता मारता विचारलं.

"खरं बोल."

"खरं...? तुझ्या केसांचं पाणी ज्या पायरीवर पडतं ना, ती पायरी मी पुसत नाय."

"शी! घाणेरडा कुठला!"

पण ताडपत्रीमागं ती कितीतरी वेळ पाण्याखाली नुसती उभी राहिली. त्या दिवशी तोटी बंद करायचं विसरली.

आणि मग आशाबाई आली. सत्यमची आई. वस्ती हाकेच्या अंतरावर. तिनं विशाखाच्या गालावरून हात फिरवला, ओटीतले पेरू काढले.

"गोड हाय गं पोर. आडनाव काय म्हणली?"

"साळवे."

आशाबाईचा हात पेरूवर थांबला. ती पदर सावरून निघून गेली.

पुढच्या रविवारी विशाखा पोचली तेव्हा पाइपाची तोटी सताड उघडी होती. कोमट पाणी भळाभळा मातीत चाललं होतं. शेजारी आशाबाई उभी.

"आमच्या विहिरीचं हाय ते," ती म्हणाली. "कुणीबी यावं आन् अंगावर घ्यावं, असं नाय."

आता जात कोण मानतं, असं म्हणणाऱ्यांना त्या ओल्या मातीत नेऊन उभं करायला हवं होतं. विशाखाच्या आज्याला ज्या गावात विहिरीवर ओंजळ धरून उभं राहावं लागलं, ते गाव तिथून फार लांब नव्हतं.

विशाखानं सत्यमकडं पाहिलं. त्याच्या हातात पंप होता. ती वाट बघत राहिली... पाइपातलं शेवटचं पाणी गळून गेलं, तोटीतून नुसते थेंब पडायला लागले, तरी.

तो मान खाली घालून उभा होता.

"पाणी सांडलं त्याचं काही नाही रे," ती म्हणाली. "तुझा आवाज आला नाही."

आणि तिनं स्कूटीला किक मारली.

त्याचे फोन आले. तिनं घेतले नाहीत. फोनवर शूर असणारे तिनं बरेच बघितले होते.

तिसऱ्या आठवड्यात गारखेड्यात नळ आला. नळाचा दिवस म्हणजे गल्लीत लगीनघाई. मोटारी घरघरतायत, नळ्या एकमेकींत गुंतल्यायत, बाया तोंडानं भांडतायत आणि हातानं भरतायत. त्या गर्दीत पिवळी व्हॅन शिरली. सत्यम उतरला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला.

"विशाखा!" आवाज थरथरत होता, पण गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं. भ्यालो मी. आईला सांगून आलोय... जे पाणी विशाखाला नाय, ते मलाबी नको. अंघोळीला नको, प्यायला नको. गाडीतच राहतोय."

बाया भांडण सोडून बघत राहिल्या. विशाखाची आई गोजरबाई नळी धरून उभी होती. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"किती दिवस झाले अंघोळ करून?"

"पाच, मावशी."

"सांगायची गरज नव्हती. इथपर्यंत वास येतोय."

गल्ली हसली. गोजरबाई नाही हसली.

"आई काय म्हणली तुझी?"

"म्हणली... परत येऊ नको."

"आन् उद्या तिनं डोळ्याला पदर लावला तर?"

"रडंल ती. मीबी रडंन, मावशी. पण पाणी ती सगळ्यांसाठी सोडंल तेव्हाच जाईन."

विशाखा पुढं आली. आईच्या हातातून वाहती नळी घेतली, व्हॅनच्या शिडीवर चढली आणि नळीचं तोंड काळ्या पाइपात घातलं.

"अगं, नळ जायला आला, ड्रम रिकामाय तुमचा!" शेजारची दगडाबाई ओरडली. "आठ दिवस काय करताल?"

विशाखानं नळी हलवली नाही. टपावर पाणी चढत गेलं, पाइप काठोकाठ भरला.

"चारच्या आत घरी ये," गोजरबाई लेकीला एवढंच म्हणाली.

त्याच दुपारी, डोंगरावरच्या सीताफळीखाली, ताडपत्रीच्या आत सत्यम होता. बाहेर पुढं, पाठ करून, विशाखा. हातात पंप.

"बोलत राहा," आतून आवाज आला. "नायतर भ्या वाटतं."

"कशाचं?"

"गेलीस म्हणून."

ती पंप मारत बोलत राहिली. कुठल्या मातीत चुना जास्त असतो, कुठल्या मातीत ओल टिकते. मग तिच्या लक्षात आलं, पाण्याचा आवाज तुटक येतोय. चालू, बंद... चालू, बंद.

"सारखं बंद का करतोस?"

"आठ दिवसांचं हाय तुमचं..." तो म्हणाला. "हात धजत नाय."

विशाखा गप्प झाली. दरीतून वाऱ्याची झुळूक आली, सीताफळीची पिवळी पानं टपावर उतरली.

"विशाखा? आवाज का थांबला?"

"संपव," ती म्हणाली.

"आं?"

"संपव सगळं. थेंब ठेवू नकोस." तिनं पंपावर सगळं अंग टाकून शेवटचा दट्ट्या मारला. "आठ दिवसांनी परत नळ येतो. तुझा पाइप आता आमच्याच दारात भरायचा."