एकही डाग नसलेल्या मॅट

"हलू नकोस. हललास की ते चावतात."

"चावतात? तू तर म्हणालीस, गुदगुल्या करतात."

"शूरांना गुदगुल्या करतात. घाबरटांना चावतात."

शेपटाने झटकन पाय पाण्याबाहेर काढले. खडकावर बसलेला वकील खो खो हसला आणि डोहातले बोटाएवढे मासे पुन्हा फिरकीच्या तळपायांभोवती गोळा झाले.

फिरकी बारा वर्षांची. एका जागी बसणे तिला माहीत नव्हते, म्हणून फिरकी. शेपूट तिचा धाकटा भाऊ. तो तिच्या मागे कुठेही जाई, अगदी नको तिथेही. आणि वकील हा त्यांचा आतेभाऊ. पाऊस पडतोय की नाही, यावर भर पावसात तो दोन्ही बाजूंनी भांडू शकत असे.

वर टेकडीवर फिरकीचे बाबा ट्रॅकच्या कडेने झेंडे रोवत होते. खडकाळ, चिखलाच्या वाटांवरून होणाऱ्या मोटारसायकल शर्यतींचे ते प्रमुख होते. वर्षभर ते या टेकडीवरून त्या टेकडीवर. घरात त्यांची बॅग कायम दाराशीच असे. फक्त ही एक शर्यत सुट्टीत आणि घराजवळ होई, आणि तेवढ्यापुरती मुलांना त्यांच्या तंबूत राहायची परवानगी मिळे. "आमच्या फिरकीला मोटारसायकलींचं भारी वेड," असे बाबा सगळ्यांना सांगत. फिरकी त्यावर काही बोलत नसे. शर्यत आहे तर बाबा आहेत, एवढे तिला पक्के ठाऊक होते.

आणि ही शर्यत एका अटीवर उभी होती. टेकडी ज्यांच्या मालकीची, त्या मालकीणबाईंनी पहिल्याच वर्षी बजावले होते, "माझ्या डोहाला धक्का लागला, की तुमची शर्यत कायमची बंद."

बाबांनीही अट मनावर घेतली होती. गाड्या ओढ्यातून जाऊ नयेत म्हणून लाकडी पूल बांधला. गाड्या धुतलेले गढूळ पाणी एकापुढे एक खणलेल्या खड्ड्यांतून निवळून जाई. आणि प्रत्येक गाडीखाली एक जाड पांढरी मॅट. पेट्रोल भरायचे, इंजिन उघडायचे, तेल बदलायचे, ते मॅटवरच. सांडलेला थेंब मॅट शोषून घेते, मातीत जाऊ देत नाही. सकाळ-संध्याकाळ बाबा स्वतः मॅट तपासत. ज्या संघाची मॅट घाण, त्या संघाचे गुण कापले.

"उद्यापासून सराव," वकील पाण्यात खडा टाकत म्हणाला. "मग इथे बसून बोलायचं म्हणजे बोंबलावंच लागणार."

त्या संध्याकाळी बेडकांनी इतका धिंगाणा घातला, की मुलांसोबत तंबूत राहायला आलेल्या आत्याने, वकिलाच्या आईने, कानात कापसाचे बोळे घातले. डोहाचा तो शेवटचा साधा दिवस.

सरावाचा दिवस धुळीत आणि आवाजात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट सगळ्यांच्या आधी डोहावर पोहोचला.

"ताई, मासे उताणे का झोपलेत?"

फिरकी आणि वकील मागून धावत आले. काठाशी मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते. पाण्यावर मोरपिशी रंगाचा पातळ पापुद्रा पसरला होता. वकिलाने त्यात बोट बुडवून हुंगले.

"तेल. आणि पेट्रोल. चल, मामांना सांगू."

"थांब." फिरकीने त्याचा शर्ट धरला. "आत्ता सांगितलं की शर्यत बंद. आधी कोणी केलं ते शोधू."

"म्हणजे लपवायचं?"

"शोधायचं म्हटलं मी."

वकील तिच्याकडे बघत राहिला. फिरकीने मान वळवली. आपण खरे काय वाचवतो आहोत, हे तिला नीट कळत होते, आणि तेच तिला आवडत नव्हते.

पहिला संशय गाड्या धुण्याच्या जागेवर. पण शेवटच्या खड्ड्यातले पाणी निवळशंख होते. शेपटाने त्यात वाकून स्वतःला जीभ दाखवली. मग ते ओढ्याने वर गेले. पुलाखाली मासे सुळसुळत होते, बेडूक उड्या मारत होते. म्हणजे विष वरून येत नव्हते. पूल आणि डोह यांच्या मध्येच कुठेतरी पाणी मुरत होते.

तंबूंपाशी आले, तर बाबा मॅट तपासत चालले होते. चेहरा खुललेला. "बघा, बघून ठेवा. सबंध सराव झाला आणि एका मॅटवर डाग नाही. इतकं शिस्तीचं वर्ष मी पाहिलं नव्हतं."

"एकही नाही, मामा?" वकिलाने विचारले.

"एकही नाही."

सगळ्यात चकचकीत मॅट पानाकाकांची होती. पानाकाका म्हणजे गेल्या वर्षी जिंकलेल्या संघाचे मुख्य मेकॅनिक. पाना त्यांच्या हातातून कधी सुटत नसे. त्यांनी मुलांना डोळा मारला. "यावर बसून जेवा हवं तर."

जरा दूर गेल्यावर वकील हळूच म्हणाला, "दिवसभर रांधलं आणि ओट्यावर शितोडासुद्धा नाही? आमच्या आईला सांगून बघ. ती म्हणेल, मग रांधलं शेजारच्या घरी."

"सावध काम करत असतील," शेपूट म्हणाला.

"सगळेच? आणि मामांना हे खटकत नाही?"

"बाबांना मध्ये आणू नकोस," फिरकी फटकन म्हणाली.

पण शंकेची पाल तिच्याही मनात चुकचुकली होती. गाड्यांमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला कोऱ्या मॅटचे नवल वाटू नये? की ठाऊक असून ते गप्प आहेत? ही शर्यत टिकायला हवी, असे त्यांनाही वाटत असणारच. तिच्यासारखेच. हा विचार तिने मागे ढकलला, तरी तो शेपटासारखा मागे मागे येत राहिला.

दुपारी सगळे जेवायला बसले, तेव्हा ते तिघे डोहाकडून वर चढू लागले. ओढ्याला एक कोरडी घळ येऊन मिळत होती. तिच्या तळाची माती काळी आणि चिकट होती. घळ थेट वर, जुन्या टायरांच्या ढिगामागे जात होती. तिथे जमिनीवर वाळके गवत पसरलेले होते. फिरकीने पायाने गवत बाजूला केले. खालची जमीन तव्यासारखी काळीकुट्ट.

"कोणीतरी येतंय," शेपूट कुजबुजला. तिघे टायरांच्या आत शिरले.

पानाकाका एक गाडी इंजिन बंद ठेवून ढकलत आणत होते, चोराने म्हैस न्यावी तशी. त्यांनी गाडी आडोशाला लावली, खाली वाकले, पाना फिरवला. तेलाची काळी धार गवतावर पडू लागली. एवढ्यात दुसऱ्या बाजूने दुसऱ्या संघाचा दाढीवाला मेकॅनिक आला. तोही गाडी ढकलतच. दोघे एकमेकांना पाहून जागच्या जागी थिजले.

"तू इथे कसा?" पानाकाकांनी विचारले.

"हवा खायला आलो."

"गाडीलाही भूक लागली वाटतं?"

"तुमची तर पोट मोकळं करतेय, काका."

दोघेही ओशाळे हसले. पानाकाका म्हणाले, "काय करणार बाबा? मॅटवर डाग पडला की साहेब गुण कापतात. इथे मातीत कोण बघतंय? आणि माझ्या चार थेंबांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"माझेही चारच," दाढीवाला म्हणाला. "मला वाटलं, ही युक्ती मलाच सुचली."

"मलाही तसंच वाटलं होतं."

ते गेले आणि तिसरा आला. तिसरा गेला, चौथा आला. प्रत्येक जण आधी चोरासारखा इकडेतिकडे बघे, मग आपले चार थेंब ओते आणि गवत सारखे करून निघून जाई. टायरांच्या आत वकिलाला हसू आवरेना. फिरकीला मात्र हसू येत नव्हते.

म्हणजे बाबांना काहीच ठाऊक नव्हते. तिला हायसे वाटले, पण क्षणभरच. चोर शोधत यावे आणि पावले आपल्याच दाराशी थांबावीत, तसे झाले होते. मॅट कोरी ठेवायचा हुकूम बाबांचाच होता.

"आता?" वकिलाने विचारले.

फिरकी घळीने खाली उतरली. ओढ्याचे ताजे पाणी डोहात पडत होते, तिथे तीन-चार मासे तोंड वर करून आचके देत होते. तेवढेच उरले होते. ती त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"शर्यत गेली तर जाऊ दे," ती शेवटी म्हणाली. "पण नुसतं सांगून कोणी कबूल होणार नाही. सगळे कोऱ्या मॅट दाखवतील."

"मग मॅटनाच बोलू दे की," वकील म्हणाला, आणि तिघांनी एकमेकांकडे पाहिले.

संध्याकाळी बाबांनी सगळ्या स्पर्धकांची आणि मेकॅनिकांची बैठक मोठ्या तंबूत घेतली. बाकीचे तंबू ओस पडले. तिघांनी एकेक मॅट गुंडाळून टायरांमागे वाहून नेली. शेपटाच्या डोक्यावरची मॅट त्याच्याहून लांब होती. लांबून पाहिले असते, तर मॅटलाच पाय फुटलेत असे वाटले असते. त्यांनी वाळके गवत बाजूला केले, काळ्या जमिनीवर शेजारी शेजारी मॅट अंथरल्या आणि त्यांवर मनसोक्त उड्या मारल्या.

बैठक संपली. बाबा तपासणीला निघाले आणि पहिल्याच तंबूत थबकले.

"मॅट कुठे आहे?"

दुसऱ्या तंबूतही नाही. तिसऱ्यातही नाही. मेकॅनिक एकमेकांवर उखडले. "यानेच नेली असणार." "मी कशाला नेऊ? माझी आधी शोध."

"बाबा," फिरकी पुढे झाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "जिथे काम चालतं, तिथे आहेत मॅट. टायरांमागे."

ते ऐकताच पानाकाका आपल्या बुटांचे निरीक्षण करू लागले.

टायरांमागे पांढऱ्याशुभ्र मॅटची रांग होती. बाबांनी वाकून पहिली उचलली. खालची बाजू काळी, ओली, ठिबकणारी. दुसरी उचलली. तिसरी. मग त्यांनी उचलणे सोडून दिले आणि घळीकडे पाहिले. घळ कुठे उतरते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"डोह?" त्यांनी विचारले.

"मासे मेले, बाबा. बेडूकही गप्प झालेत."

बाबा गर्रकन मेकॅनिकांकडे वळले. "लाज नाही वाटत तुम्हाला?"

"नाही, बाबा." फिरकी मध्येच बोलली. बाबांचे बोलणे आजवर तिने कधी तोडले नव्हते. "त्यांची चूक आहेच. पण घाण मॅटचे गुण तुम्ही कापत होतात. मॅट घाण व्हायलाच असते ना? ती कोरी राहिली, म्हणून माती घाण झाली."

बाबांचा चेहरा लाल झाला, मग हळूहळू उतरला. ते एका टायरवर बसले.

"साहेब, पोरगी खरं बोलतेय," पानाकाका पुटपुटले. "आणि आम्ही शेण खाल्लं, हेही खरं."

बाबा स्वतः मालकीणबाईंना बोलवायला गेले. त्या काठी टेकत आल्या, डोह पाहिला, घळ पाहिली, मॅट उलट्या करून पाहिल्या.

"कोणी शोधून काढलं हे?"

"माझ्या मुलांनी," बाबा म्हणाले. "नियम माझा चुकला. यापुढे ज्याची मॅट कोरी, त्याचे गुण कापणार. पण या वर्षीची शर्यत मी रद्द करतोय. पुढचं तुम्ही ठरवा."

मालकीणबाईंनी तिघांना जवळ बोलावले. "पोरांनो, आपल्याच माणसाची चूक दाखवायला छाती लागते. तुम्ही तिघेही छातीचे आहात." मग त्या बाबांना म्हणाल्या, "आधी तेल प्यायलेली सगळी माती उचला. नंतर मला विचारू नका, डोहाला विचारा. बेडूक बोलले, की या."

दुसऱ्या दिवशी सकाळी एकही संघ घरी गेला नव्हता. कालपर्यंत एकमेकांना मागे टाकायला निघालेले लोक घळीत ओळीने उभे राहून काळी माती पिंपांत भरत होते. ओढा मिळतो तिथे त्यांनी पेंढ्याचा बांध घातला. पानाकाका खोऱ्यावर रेलून वकिलाला म्हणाले, "मोठा झालास की माझ्याविरुद्ध खटला तूच चालव." वकील म्हणाला, "मी तुमच्या बाजूनेही उभा राहू शकतो, काका. मला चालतं."

बाबा आणि फिरकी एकाच पिंपाला लागले होते. पिंप अर्धे भरले. मग बाबा थांबले.

"तुझी शर्यत बुडाली, फिरके," ते हळू आवाजात म्हणाले. "वर्षभर वाट बघतेस. तुला मोटारसायकलींचं एवढं वेड, आणि माझ्यामुळे..."

फिरकीने फावडे खाली ठेवले.

"बाबा, मला मोटारसायकली अजिबात आवडत नाहीत. मी फक्त तुमच्यासाठी येते."