उशाजवळचा डबा

दादरच्या हार्ट क्लिनिकमध्ये पेसमेकर तपासणारी अक्षदा तशी घाबरणाऱ्यांतली नव्हती. पण त्या सकाळी कॉम्प्युटरवर तिच्या जुन्या पेशंटचे, हेमचंद्रकाकांचे ठोके उमटलेले पाहून ती खुर्चीतून ताडकन उठली. तिला नेहमी 'पोरी' म्हणणाऱ्या काकांना जाऊन आठवडा झाला होता. चितेत पेसमेकर फुटतो, म्हणून तो आधी काढून घ्यावा लागतो. काकांचा तर तिच्या देखतच काढला होता आणि नियमाप्रमाणे नष्ट करायला सीलबंद पाठवला होता.

मग हे ठोके कुणाचे? मेलेल्या माणसाचं यंत्र कुणी लबाडीनं दुसऱ्याच्या छातीत बसवलं असेल, तर तो त्याच्या जिवाशी खेळ होता. आणि ठोके टिपून क्लिनिकला पाठवणारा डबा काकांच्या उशाजवळ असायचा. त्या डब्याला खोलीबाहेरचं काही कळतच नसे. म्हणजे जो कोणी होता, तो त्याच खोलीत होता.

भर दुपारी ती ठाकूरद्वारला पोचली. दार काकांच्या सुनेनं, रुपालीनं उघडलं. आत धुपाचा वास कोंडला होता.

"वहिनी, काकांचा तो डबा अजून चालू आहे?"

"आई बंदच करू देत नाहीत गं," रुपाली हळूच म्हणाली. "गेलेल्या माणसाच्या जागी दिवा ठेवतात ना... त्या म्हणतात, त्याचा हिरवा लाईटच राहू दे तेराव्यापर्यंत."

"त्या खोलीत कोण झोपतं?"

"कुणीच नाही. म्हणजे... आमची मनवा. आजोबांचा पलंग सोडतच नाही. हल्ली दिवसाही झोपून असते."

सहा वर्षांची मनवा उताणी झोपली होती. अक्षदानं सोबत आणलेलं तपासणीचं यंत्र तिच्या छातीवर धरलं. पडद्यावर नाव आलं, हेमचंद्र.

तिनं मनवाचा फ्रॉक जरा बाजूला सरकवला. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काहीतरी चपटं आणि टणक वर आलं होतं. कापल्याची खूण नाही, टाका नाही.

"काल आंघोळ घातली तेव्हा नव्हतं हे... देवाशप्पथ नव्हतं..." रुपाली म्हणाली.

अक्षदानं नुसतं बोट लावलं. त्यासरशी मनवानं तिचं मनगट गच्च धरलं. डोळे मिटलेलेच होते.

"पोरी... या वेळी नको काढूस."

आवाज मनवाचाच होता.