पिप की झुमा?

"पिप घेऊ नका. पस्तावाल."

समोरून आवाज आला तेव्हा माझ्या एका हातात चमचा होता, दुसऱ्या हातात मोबाइल आणि तोंडात गरम गरम टोमॅटोचं सूप. म्हणून त्याला लगेच फटकारता आलं नाही. नाहीतर ऐकून घेणाऱ्यातली मी नव्हे.

ग्दान्स्क शहरातली आमची दुपारची खानावळ. तिथे जागा दिसेल तिथे ताट ठेवायचं, समोर कोण बसलंय ते बघायचं नाही. बाहेर समुद्रावरून येणारा तिरपा पाऊस, आत काचांवर दाटलेली वाफ. आणि माझ्या समोर हा… भिजलेले केस, बोटांना चिकटपट्ट्या आणि नाकावर वाकड्या दांडीचा चष्मा.

"लोकांच्या मोबाइलमध्ये डोकावायची सवय आहे वाटतं तुम्हाला?"

"डोकावलो नाही हो. 'पिप की झुमा, पिप की झुमा' असा मघापासून तुमचा जप चाललाय. शेजारच्या आजोबांनासुद्धा पाठ झाला असेल."

शेजारच्या आजोबांनी पिएरोगीची उकडलेली करंजी चावता चावता मान डोलावली.

"मला व्हेनिसला जायचंय," मी म्हटलं. "मेच्या सुट्टीत. आणि पिपचं विमान स्वस्त आहे."

"पिप व्हेनिसला जात नाही. ती त्रेविझोला उतरवते आणि त्यालाच व्हेनिस म्हणते. वर पिशवी केवढी न्यायची, तर एवढीशी! त्यात काय नेणार, रुमाल?"

"रुमालच न्यायचाय मला. आणि तुमची ती झुमा? खिडकीचे वेगळे पैसे, पाण्याचे वेगळे. उद्या श्वास घ्यायचेसुद्धा लावेल."

"मी दिलेत खिडकीचे. अठरावी रांग, पंखाच्या मागे. ढग छान दिसतात." तो हसला. "त्याच दिवशी, त्याच व्हेनिसला. पण खऱ्या."

आता एवढं झाल्यावर झुमाचं तिकीट कोण काढणार? मी त्याच्या डोळ्यांदेखत पिपचं तिकीट काढलं आणि मोबाइल त्याच्यासमोर धरला. त्याला राग यायला हवा होता. तो मात्र खुदकन हसला आणि ती वाकडी दांडी कानावरून घसरली.

"चला," मी उठत म्हटलं. "शेजारच्याच चष्म्याच्या दुकानात कामाला आहे मी. हे असं बघवत नाही मला."

चष्मा बसवायचा म्हणजे माणसाच्या अगदी जवळ उभं राहावं लागतं. कानामागे बोटं न्यायची, दांडी दाबून बघायची, मग डोळ्यांत बघून दोन्ही काचा सारख्या आहेत ना ते पाहायचं. दिवसभर हेच करते मी. कधी काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र… काचा सारख्या आहेत का ते मला तीनदा बघावं लागलं.

"झालं?" त्यानं हळूच विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं. झालं होतं.

त्याचं नाव कायेतान. बोटींची शिडं शिवायचं काम करायचा, म्हणून बोटांना त्या पट्ट्या. मी यागोदा. त्यानंतर आम्ही रोज त्याच खानावळीत जेवायला लागलो, रोज भांडायला लागलो, आणि एकमेकांना 'अहो-जाहो' करत राहिलो. आमच्याकडे 'तू' म्हणायची परवानगी बाईनं द्यायची असते. त्यानं त्या परवानगीची वाट पाहिली, आणि मी दिली नाही. का, कोण जाणे. दिली असती तर सगळंच बोलावं लागलं असतं.

मग एके दिवशी त्यानं सांगितलं, अगदी सहज, फळांच्या कॉम्पोटचा पेला फिरवत.

"मी काही नुसता फिरायला चाललो नाहीये. व्हेनिसच्या खाली किओज्जा म्हणून गाव आहे. तिथला ओरेस्ते जुन्या पद्धतीची रंगीत शिडं शिवतो. त्याला माणूस हवाय. दोन वर्षांसाठी. या सुट्टीत जाऊन हो की नाही ते सांगायचंय."

"अरे वा," मी म्हटलं. "छानच की."

"छान ना?"

"छानच."

त्यानं माझ्याकडे बघितलं, काहीतरी राहिलंय का ते शोधावं तसं. मी सुपात चमचा फिरवत बसले. भांडायला माझ्याकडे शब्द कधी कमी पडत नाहीत. 'जाऊ नका' एवढे दोन शब्द मात्र मी सुपाबरोबर गिळून टाकले.

सुट्टी चार दिवसांवर आली तेव्हा तो दुकानात आला. काखेत काहीतरी गुंडाळलेलं. उलगडलं तर पिशवी! जुन्या शिडाच्या गडद तांबड्या कापडाची, दुहेरी टाक्यांची, आत छोटा कप्पा.

"पिपच्या मापाची आहे," तो खाली बघत म्हणाला. "काठोकाठ. त्यांच्या चौकटीत घालून बघा, केसभरसुद्धा जास्त निघणार नाही. रुमालांना पुरेल."

मी त्या शिवणीवरून बोट फिरवलं. माझ्या पिपवर महिनाभर तोंडसुख घेणाऱ्या या माणसानं बसून तिचंच माप घेतलं होतं. मला बोलायचं होतं पुष्कळ. मी काय केलं, तर मोबाइल काढून बोर्डिंग पास दाखवला.

"बघा, फुकटात खिडकी मिळालीय. सहावी रांग."

"नशीबवान आहात." तो दाराशी थांबला. "मग ठरलं. व्हेनिसच्या स्टेशनवर जो आधी पोचेल तो जिंकला. तोवर फोन नाही, मेसेज नाही. हरेल त्यानं जेवण द्यायचं."

घरी बोझेना मावशीनं पिशवी उलटीपालटी करून बघितली. "पिशवी शिवून देणारा पुरुष मी उभ्या जन्मात पाहिला नाही," ती म्हणाली. "तुझ्या काकानं कधी बटण लावलं नाही. आणि तू त्याला सोडून दुसऱ्या विमानानं चाललीस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

नव्हतंच. पण मावशीनं ते जागेवर आणलं. दुसऱ्या दिवशी दुकानातूनच मी झुमाचं तिकीट काढलं. अठरावी रांग, खिडकीच्या शेजारची खुर्ची. पिपचे पैसे पाण्यात गेले, जाऊ देत! तो येऊन बसेल, मान वळवेल, आणि मी म्हणेन… काय म्हणेन ते विमानात बसल्यावर ठरवू.

सुट्टीच्या सकाळी विमानतळावर अर्धं ग्दान्स्क लोटलं होतं. झुमाच्या दारापाशी पिशव्या मापायची लोखंडी चौकट. पिशवी तिच्यात अडकली. पिपचं माप वेगळं, झुमाचं वेगळं, रुंद पण चपटं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं!

"बसत नाहीये, मॅडम," तिथली मुलगी म्हणाली.

"आत्ता बसवते." मी पिशवीतून दोन स्वेटर आणि मावशीनं कोंबलेली लोकरीची बंडी काढून एकावर एक चढवली. मागचे लोक हसले. निम्म्यांनी तेच केलेलं होतं. पिशवी चौकटीत शिरली आणि मी भोपळ्यासारखी फुगून आत गेले.

अठरावी रांग. खिडकीजवळची खुर्ची रिकामी. येईल, मी म्हटलं. लोक आले, सामान कोंबलं, पट्टे बांधले. मी प्रत्येक चष्मेवाल्याकडे मान उंचावून बघत होते. खुर्ची रिकामीच. दरवाजा लावायची वेळ झाली तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. आजारी पडला? की जायचंच रद्द केलं? पैज गेली खड्ड्यात. मी फोन लावला.

"कुठे आहेस तू?"



"आत्ता काय म्हणालात?"

"कुठे आहेस म्हटलं!"

"विमानात. पिपच्या." त्याचा आवाज अगदी बारीक. "सहाव्या रांगेत. काल संध्याकाळी तुमच्या… तुझ्या शेजारची खुर्ची घेतली. आणि तू आलीच नाहीस. मला वाटलं, झोप लागली की काय…"

"कायेतान," मी म्हटलं, "मी झुमात आहे. अठराव्या रांगेत. तुझ्या खिडकीशेजारी."

"म्हणजे तू माझ्यासाठी…"

"आणि तू माझ्यासाठी…"

मग आम्ही दोघंही हसत सुटलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पुढच्या रांगेतले लोक मागे वळून बघायला लागले.

"फोन बंद करा, मॅडम," हवाईसुंदरी म्हणाली.

"ऐक," मी घाईघाईनं म्हटलं. "त्रेविझोलाच थांब. स्टेशनवर जाऊ नकोस, मला शोधायला येऊ नकोस, नाहीतर पुन्हा चुकामूक होईल. या वेळी मी येते."

विमान वर गेलं. मी सरकून त्याच्या खिडकीपाशी बसले. ढग खरंच छान दिसत होते. पण मला रडू येत होतं. हा माणूस हवा होता मला, आणि इतके दिवस मी त्याच्याशी विमानकंपनीवरून भांडत बसले! पट्ट्या गुंडाळलेली ती बोटं, ते खुदकन हसणं, सगळंच हवं होतं. आज नाही बोलले तर उद्या तो ओरेस्तेला हो म्हणेल, आणि दोन वर्षं मी समोरच्या खुर्चीवर बसलेल्या परक्या माणसांची तोंडं बघत सूप पिईन.

चाकं टेकली तशा आमच्या माणसांनी नेहमीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. मी आधीच दाराच्या दिशेनं निघाले होते.

त्रेविझोला नेणारी बस रमतगमत चालली होती. ऊन कडक. विमानतळाबाहेरच्या बसथांब्याच्या कठड्यावर तो बसला होता, पाय हलवत. मला बघितलं आणि उठून उभा राहिला.

"हे काय? इतके स्वेटर?"

"मध्ये बोलू नकोस," मी धापा टाकत म्हटलं. "एकदा थांबले तर पुन्हा बोलायची नाही. मी तुला जाऊ नको म्हणणार नाही. शिडं शिवताना तू कसा दिसतोस ते मी पाहिलेलं नाही, पण शिडांबद्दल बोलताना कसा दिसतोस ते पाहिलंय. जायचं असेल तर जा. पण आधी हे कळू दे तुला… माझा तुझ्यावर जीव जडलाय. त्या चष्म्याच्या दिवसापासून. आता ठरव."

त्यानं खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. मग इटालियनमध्ये बोलत राहिला. अडखळत, हात हलवत, मध्येच लाल होत. एका शब्दाचाही मला अर्थ लागेना. पलीकडून मोठ्यानं कुणीतरी हसलं, आणि त्यानं फोन ठेवला.

"ओरेस्ते?"

"हो. संध्याकाळी जेवायला बोलावलंय. दोघांना."

"आणि काम?"

"म्हटलं, येतो. पण या उन्हाळ्यापुरता. सप्टेंबर संपला की घरी. दोन वर्षं नाही जमणार."

"चाललं त्याला?"

"आधी चिडला. कारण काय, म्हणाला. इतकी वर्षं या कामासाठी धडपडलास, आता मध्येच काय निघालं?"

"मग?"

कायेताननं माझ्याकडे सरळ बघितलं.

"मग सांगितलं… ग्दान्स्कमध्ये माझं माणूस आहे."

मी टाचा उंचावल्या, त्याची कॉलर धरली, आणि भर थांब्यावर, बसची वाट पाहणाऱ्या दोन वयस्कर नन्सच्या देखत, त्याच्या ओठांवर ओठ टेकले.